संडासाची वेगळी खोली: मापं कुठे चुकतात

न्हाणीघर वेगळं ठेवून संडासाची स्वतंत्र खोली करायची, तर राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार किमान 1.1 चौरस मीटर जागा लागते आणि रुंदी 0.9 मीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे साधारण 0.9 बाय 1.25 मीटर.

गोची इथेच होते. नकाशात 900 मिमी दाखवतात, गवंडीही वीटकामात तेवढंच सोडतो. मग गिलावा आणि टाइल मिळून दोन्ही बाजूंनी 30-30 मिमी खातात. म्हणून वीटकामात 960 ते 970 मिमी धरा. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतींपासून 450 मिमीवर आणा. कमोडलाच 650-700 मिमी लांबी लागते, त्यामुळे आत उघडणारं दार गुडघ्यांवर आपटतं. दार बाहेरच उघडू द्या. आत कोणी पडलं तरी ते उघडता येतं.

खिडकी किंवा झरोका किमान 0.3 चौरस मीटरचा, मोकळ्या जागेत किंवा डक्टमध्ये (इमारतीतल्या हवेच्या उभ्या पोकळीत) उघडणारा हवा. जिन्याकडे उघडलेला झरोका मोजत नाहीत, आणि मोजूही नये.

संडासाचं दार किंवा खिडकी थेट स्वयंपाकघरात उघडता येत नाही. खाली राहती खोली असेल तर फरशी जलरोधक हवीच: टाइल बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवा, खालून ओल तपासा. फरशीचा उतार नहाणी-ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे, दाराकडे नव्हे.

स्थानिक पालिकेची नियमावली वेगळी असू शकते. मंजुरी तिच्याच आकड्यांवर मिळते.