डबल कास्क, ट्रिपल कास्क सिंगल माल्ट घेताय? या चुका टाळा

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून (मोड आणलेल्या बार्लीपासून) केलेली व्हिस्की, आणि कास्क म्हणजे ती मुरवायचं लाकडी पिंप. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लेबलवर 'डबल' दिसलं की सगळ्या बाटल्या एकाच माळेचे मणी समजायचे. बाल्वेनी डबलवुड 12 आधी वर्षानुवर्षं बर्बनच्या (मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) वापरलेल्या पिंपात असते आणि शेवटचे साधारण 9 महिने ओलोरोसो शेरीच्या (एका गडद स्पॅनिश वाइनच्या) पिंपात जाते, म्हणजे हा फिनिश झाला. अ‍ॅबरलूर 12 मध्ये दोन प्रकारच्या पिंपांत माल्ट वेगवेगळा मुरवतात आणि मग एकत्र करतात. मॅकॅलन डबल कास्कमध्ये तर दोन्ही पिंपं शेरीचीच, फक्त लाकूड वेगळं, एक अमेरिकन ओक आणि एक युरोपियन. शब्द तोच पण काम तिन्ही ठिकाणी वेगळं, म्हणून आधी मागचं लेबल वाचा, पैसे नंतर काढा.

सिंगल माल्टवर 'डबल' म्हणजे ब्लेंड, अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कींचं मिश्रण, नाही. डिस्टिलरी एकच असते.

लेबलवरचा 12 हा आकडा बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय असतो, फिनिशचे महिने त्यातच आले, वर वेगळे मोजायचे नाहीत.

गडद रंग म्हणजे जुनी किंवा शेरीवाली, हेही डोक्यातून काढा. स्कॉचमध्ये साधा कॅरमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

आता माझा खरा राग कशावर ते सांगतो, चाखायचा क्रम. मागच्या दिवाळीत ठाण्याला आम्ही चौघं बसलो होतो, ड्युटी फ्रीच्या तीन बाटल्या, आणि एका मित्राने घाईघाईत आधी लाफ्रोइग ट्रिपल वुड फोडली, कारण काय तर 'तीन पिंपं म्हणजे सगळ्यात भारी'. अरे बाबा, तो स्कॉटलंडच्या आयला बेटावरचा, पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरातला माल्ट आहे, त्याच्यानंतर जिभेवर दुसरं काही टिकतच नाही! त्यात सोबत तिखट चकली आणि लसणाची चटणी. मग बाल्वेनी ओतली, ग्लासभर बर्फ टाकून, आणि एका घोटात निकाल, 'हे तर गोड पाणी, सगळं मार्केटिंग आहे'. मला खरंच वाईट वाटलं. पुढच्या रविवारी त्यालाच परत बोलावलं, बाल्वेनी आधी, बर्फ नाही, चखण्याला नुसते खारे नसलेले बदाम. ग्लास 10 मिनिटं तसाच ठेवायला लावला, मग चमच्याने पाण्याचे चार थेंब. आधी मध आणि व्हॅनिला म्हणाला आणि थोड्या वेळाने स्वतःहून बोलला की मनुका लागतायत. बर्बनचं पिंप आणि शेरीचं पिंप त्याला एकाच ग्लासात सापडलं. पीटवाली नेहमी शेवटी, मी तरी हा नियम कधी मोडत नाही.

घरी बाटलीत ओकच्या चिपा टाकून 'फिनिश' करणारे पण भेटतात. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं काढल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही आणि तुम्हाला शनिवारपर्यंत शेरी फिनिश हवंय? चांगल्या बाटलीत फक्त कच्च्या लाकडाचा कडवटपणा उतरतो. त्यापेक्षा त्या पैशात तयार फिनिशवाली बाटली घ्या.

बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, अल्कोहोल बुचाला खातं आणि उघडताना तुकडे आत पडतात. पाव बाटली उरली की मी ती छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करतो आणि कपाटात अंधारात उभी ठेवतो.