मेश वाय-फायला घरचे कॅमेरे कसे जोडावेत

कॅमेरा वाय-फायला जोडला जात नाही असे सांगितले की मिळणारे सल्ले ठरलेले असतात: इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या, आणखी एक नोड (मेशचा वाय-फाय डबा) लावा, नाहीतर कॅमेराच बदला. या तिन्ही सल्ल्यांनी खर्च तेवढा वाढतो. १०८०पी चित्र पाठवणाऱ्या साध्या घरगुती कॅमेऱ्याला साधारण १ ते २ एमबीपीएस एवढाच अपलोड वेग पुरतो, त्यामुळे चार कॅमेरे लावले तरी मुंबईतल्या कोणत्याही फायबर जोडणीला ते जड जात नाहीत. घोडे अडते ते जोडणीच्या वेळी, आणि तेही मेशच्या, म्हणजे घरभर ठेवलेले अनेक नोड मिळून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्रणेच्या, सेटिंगमुळे.

मेश बसवून झाले आहे, ते नीट चालते आहे आणि कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये खाते उघडलेले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पायरी १ : घरात फक्त मेशचे वाय-फाय ठेवा

इंटरनेट कंपनीने दाराजवळ बसवलेला फायबरचा डबा बहुधा स्वतःचे वाय-फायही सोडत असतो. ते बंद करावे. फोन डब्याच्या वाय-फायवर आणि कॅमेरा मेशच्या वाय-फायवर राहिला, तर दोघे एकाच खोलीत असूनही अनेकदा एकमेकांना सापडत नाहीत. मेश राऊटर म्हणून चालवावे की ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणारे उपकरण) म्हणून, यावर कॅमेऱ्यापुरता वाद घालण्याचे कारण नाही.

पायरी २ : ड्रिल चालवण्याआधी सिग्नल मोजा

फोन कॅमेऱ्याच्या नियोजित जागी धरून वाय-फाय ॲनालायझरसारख्या ॲपवर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाहावा. तो डीबीएम या एककात उणे आकड्यात दिसतो, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर प्रश्न नाही. उणे ७५ च्या खाली गेला तर भिंतीला भोक पाडू नये, आधी नोड हलवावा. नव्या टॉवरमधील काँक्रीटच्या भिंती, दाराबाहेरचा लोखंडी सेफ्टी डोअर आणि लॉफ्टवरची पाण्याची टाकी या तिन्ही गोष्टी सिग्नल खातात, म्हणून टीव्हीमागे किंवा टाकीशेजारी दडवलेला नोड असून नसल्यासारखाच असतो.

पायरी ३ : प्रत्यक्ष जोडणी

इथेच बहुतेकांची दमछाक होते. मीही याच पायरीवर बराच काळ खोळंबलो होतो, म्हणून ही पायरी सविस्तर लिहितो.

बाजारातील बहुसंख्य घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतात. मेश मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव देते आणि कोणते उपकरण कोणत्या बँडवर बसवायचे ते स्वतः ठरवते. फोन साहजिकच ५ वर बसतो. आता कॅमेऱ्याला नाव आणि पासवर्ड कसा पोहोचवला जातो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. फोनच्या पडद्यावरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याला दाखवायचा असेल, तर फोन कोणत्या बँडवर आहे याने काही बिघडत नाही. पण काही ॲप ही माहिती वाय-फायवरूनच प्रसारित करतात आणि कॅमेऱ्याने ती हवेतून टिपावी अशी अपेक्षा असते. तिथे फोन ५ वर बोलत राहतो, कॅमेरा २.४ वर कान लावून बसतो आणि शेवटी ‘जोडणी अयशस्वी’ असा संदेश येतो. म्हणून ॲपमध्ये क्यूआर कोडचा पर्याय असेल तर तोच घ्यावा.

५ गिगाहर्ट्झ कायमचे बंद करून टाका, हा सल्ला अजिबात ऐकू नये. चार कॅमेऱ्यांसाठी घरातले लॅपटॉप आणि टीव्ही २.४ च्या गर्दीत लोटण्यात कसला शहाणपणा आहे? योग्य मार्ग असा की मेशच्या ॲपमधून कॅमेऱ्यांसाठी फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वेगळे नेटवर्क तयार करावे. टीपी-लिंकच्या डेकोमध्ये त्यासाठी ‘आयओटी नेटवर्क’ (कॅमेऱ्यांसारख्या स्मार्ट उपकरणांसाठीचे नेटवर्क) हा पर्यायच आहे. गूगल नेस्ट वाय-फायसारख्या ज्या प्रणाली बँड वेगळे करू देत नाहीत, तिथे क्यूआर कोड वापरावा किंवा कपाटात पडून असलेला, केवळ २.४ वर चालणारा जुना फोन जोडणीपुरता बाहेर काढावा. गेस्ट (पाहुण्यांसाठीचे) नेटवर्कही चालते, परंतु त्यावरची उपकरणे बहुधा घरातल्या मुख्य नेटवर्कपासून तोडलेली असतात. घरीच रेकॉर्डरवर चित्रण साठवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा अडथळा सुरक्षेच्या प्रकाराचा. वाय-फायच्या सुरक्षेच्या पद्धतीला डब्ल्यूपीए म्हणतात. नव्या मेशमध्ये तिची नवी आवृत्ती डब्ल्यूपीए-३, किंवा डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचे मिश्रण, निवडलेले असू शकते आणि स्वस्त कॅमेऱ्यांना ते अनेकदा पेलत नाही. वाईट असे की काही ॲप अशा वेळी ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगतात, आणि माणूस बरोबर असलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. कॅमेऱ्यांच्या नेटवर्कला निव्वळ डब्ल्यूपीए-२ ठेवावे. मुख्य नेटवर्क खुशाल डब्ल्यूपीए-३ वर राहू द्यावे. फास्ट रोमिंगचा (फिरत्या उपकरणाला एका नोडवरून दुसऱ्यावर झटकन नेण्याचा) पर्याय या नेटवर्कसाठी बंद करता येत असेल तर तोही करावा, कारण भिंतीला ठोकलेला कॅमेरा घरभर फिरणार नसतो.

नेटवर्कचे नाव साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवावे; त्यात मोकळी जागा, इमोजी किंवा देवनागरी नको. हा मराठीवरचा राग नव्हे. नावासाठी एकूण ३२ बाइटची मर्यादा असते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यातले ३ बाइट घेते, आणि कित्येक कॅमेऱ्यांना असे नाव वाचताच येत नाही. पासवर्ड लांब असावा, पण चित्रविचित्र चिन्हांनी भरलेला नसावा.

जुन्या राऊटरवर आधीपासून कॅमेरे चालू असतील, तर या नव्या नेटवर्कला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड, अगदी लहान-मोठ्या लिपीसह, द्यावा. पूर्वीची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ असेल तर कॅमेरे हात न लावता परत येतात. शिडीवर चढून एकेक रीसेट करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

काही कॅमेरे आधी स्वतःचा हॉटस्पॉट उघडतात आणि फोनला त्यावर बोलावतात. त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसल्यामुळे फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर निघून जातो. तेवढ्या वेळापुरता मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवावा, आणि ॲपने मागितलेली लोकेशनची, आयफोनवर लोकल नेटवर्कची, परवानगी द्यावी. पहिली जोडणी नोडजवळ टेबलावर करावी. कॅमेरा भिंतीवर चढवण्याची घाई नको.

पायरी ४ : कॅमेरा कोणत्या नोडवर बसला ते पाहा

कॅमेरा जागेवर लावून सुरू केल्यावर मेशच्या ॲपमध्ये तो सर्वांत जवळच्या नोडवर दिसायला हवा. वीज जाऊन परत आली की इथे गडबड होते: मुख्य नोड आधी उठतो, बाकीचे त्याच्या मागून जागे होतात, आणि तोवर कॅमेऱ्याने दूरचा मुख्य नोड पकडलेला असतो, जो तो नंतर सोडत नाही. ॲपमध्ये उपकरण ठरावीक नोडला बांधण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर फक्त त्या कॅमेऱ्याचा प्लग काढून पुन्हा लावावा. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरे, पण सोसायटीचा जनरेटर सुरू-बंद होताना बसणारा क्षणाचा झटकाही एवढा गोंधळ घालायला पुरतो. म्हणून फायबरच्या डब्याला आणि प्रत्येक नोडला छोटा डीसी यूपीएस (वीज गेली तरी ते चालू ठेवणारी बॅटरी) लावावा. घेण्यापूर्वी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत.

पायरी ५ : चॅनेल

घरे एवढ्या दाटीने असलेल्या शहरात २.४ च्या बँडवर शेजाऱ्यांची डझनावारी नेटवर्क दिसतात. मेशमध्ये चॅनेल (बँडचा छोटा भाग) निवडता येत असेल तर १, ६ आणि ११ यांपैकी जे सर्वांत मोकळे असेल ते घ्यावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० मेगाहर्ट्झ निवडून वेग वाढेल हा भ्रम आहे. दाट वस्तीत त्याने फक्त अडथळा वाढतो.

पायरी ६ : शेवटची चाचणी

कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलून दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. बाहेरचा कॅमेरा आयपी६५ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असावा आणि त्याची वायर वळचणीखाली राहावी, म्हणजे पावसाळ्यात जोडाच्या जागी पाणी शिरत नाही. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यात समोरच्यांचे उघडे दार येणार नाही एवढे वळण त्याला द्यावे. मग यूपीएस लावले असतील तर तेही बंद करून घराचा मेन स्विच पाडावा, दोन मिनिटांनी चढवावा आणि दहा मिनिटे वाट पाहावी. जो कॅमेरा आपोआप परत येणार नाही त्याची पायरी ४ पुन्हा करावी, आणि मगच घराला कुलूप लावून गावी जावे.