पझल गेमला संगीत देताय? या चुका टाळा

जळगावात बसून पझल गेमला संगीत देतो म्हटलं की पहिला प्रश्न, "टेट्रिससारखं का?" गेम बॉय या हातातल्या गेम-यंत्रावरच्या त्या धुनीने (१९८९, मूळचं रशियन लोकगीत) नवशिक्यांचं फार नुकसान केलंय. अरे, तिथे ठोकळे पडत असतात, हात चालू असतो. जिथे माणूस स्क्रीनकडे नुसता बघत बसतो, तिथे तसली धून डोकं उठवते.

माझंच सांगतो. रेल्वे यार्डातले डबे क्रमाने लावायचा गेम होता. भुसावळ आठवून मी खूश. चोवीस सेकंदांची झकास बासरी रचली. चौदाव्या लेव्हलवर भाची अडकली. वीस मिनिटांत तीच तान पन्नास वेळा! शेवटी तिने फोनचा आवाज बंद केला आणि दोन मिनिटांत कोडं सोडवलं. मग धुनीचे थर वेगळे केले: तंबोऱ्यासारखा सूर कायम, ठेका अधूनमधून, बासरी फक्त डबा जागेवर बसला की. थर एकदमच सुरू करायचे आणि नको त्यांचा आवाज शून्यावर ठेवायचा; मागाहून सुरू केलात तर ताल चुकलाच. पोर्टल २ (२०११) हा पझल गेम खेळून बघा, लेझरचा किरण रिले नावाच्या यंत्राला लागला की संगीतात नवा सूर मिसळतो.

आता प्रत्येक धून मी आधी स्वयंपाकघरात लावून ठेवतो. भरताची वांगी भाजून व्हायच्या आत आई "काय करी राहिना रे भाऊ, बंद कर ते!" म्हणाली, की धून रद्द.

बोल असलेलं गाणं नकोच. विचार करताना शब्द आडवे येतात. जिंकल्याची टिंग धुनीच्याच पट्टीत ठेवा. खोल बेस फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.

आणि लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या धुनीचा, सांधा. एमपी थ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते, म्हणून दर फेऱ्याला ठेच लागते. वेव्ह किंवा ऑग प्रकारची फाइल द्या. ९० बीपीएमचे (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचे १६ बार म्हणजे ४४,१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) बरोबर १८,८१,६०० सॅम्पल, एकही कमी-जास्त नाही. रिव्हर्बची, म्हणजे सुरामागे घुमत राहणाऱ्या आवाजाची, शेपटी तुटू नये म्हणून मी धून दोनदा पाठोपाठ वाजवून दुसरा फेरा कापून घेतो. पाच मिनिटांचं काम, पण पोरांना दम कुठे! परवा एकाने फाइल पाठवली, "दादा, थोडासाच टक्क येतो." एमपी थ्रीच होती.