मुखवट्यामागचा खलनायक: जुन्या सिरियल कशा पाहाव्यात

सिरियल म्हणजे थिएटरात भागाभागाने दाखवला जाणारा चित्रपट. रिपब्लिक या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या 1946 च्या 'द क्रिमझन घोस्ट'पासून सुरुवात करा. एकूण 12 भाग आहेत. सगळे एका बैठकीत संपवू नका. तेव्हा थिएटरात आठवड्याला एकच भाग लागायचा. मीही रविवारी एकच पाहते, आणि आठवडाभर तो कवटीचा मुखवटा डोळ्यांसमोरून हलत नाही!

गाडी कड्यावरून कोसळली की तिथेच थांबा. नायक कसा वाचेल, ते वहीत लिहा. पुढच्या भागाची सुरुवात नीट बघा: मागच्या वेळी न दाखवलेला एक शॉट येतो, नायक आधीच उडी मारतो. ही लबाडी मला फार आवडते.

आवाजावरून खलनायक ओळखायला जाऊ नका. मुखवट्याला बऱ्याचदा दुसऱ्याच नटाचा आवाज असतो.