नदीकाठी देशी झाडं लावताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी हिरवागार दिसणारा काठ दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा उघडा पडतो, आणि स्वयंसेवकांचा हिरमोड होतो. दोष बहुतेक वेळा रोपांचा नसतो. काठाची प्रत्येक पट्टी वेगळी असते आणि आपण वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे खड्डे खणून एकच रोप लावत जातो, तिथं गणित चुकतं.

पाण्याची खूण न बघता लागवड

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पात्राला लागून असलेली, दरवर्षी पुराखाली जाणारी पट्टी मोठ्या झाडांची नाहीच. ती गवतांची आणि लवचिक झुडपांची. ओल्या गाळात लव्हाळा आणि वाळा, खडकाळ पात्रात शेरणी. शेरणीची फांदी हातानं वाकवून बघा, ती मोडत नाही. पुरात अख्खं झुडूप पाण्याबरोबर आडवं होतं, मुळं मात्र खडकाच्या भेगा सोडत नाहीत. त्याच्या वरच्या टप्प्यात, जिथं पाणी चढतं पण फार थांबत नाही, तिथं वाळुंज, करंज, अर्जुन, उंबर, पाणजांभूळ. कोरड्या उतारावर त्या परिसरातली माळाची, रानाची झाडं.

हे टप्पे ओळखायचे कसे? पूर ओसरल्यावर लगेच काठानं चाला. फांद्यांत अडकलेला पाचोळा आणि चिंध्या पाणी कुठवर आलं होतं ते दाखवतात. नकाशावरची निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. परवानगी घेताना त्या लागतात, पण लागवडीला दरवर्षीच्या पुराची खूणच कामाची.

रोपं वाहून गेली

खालच्या पट्टीत जूनमध्ये लावलेलं रोप मूळ धरायच्या आतच पुरात सापडतं. तिथली लागवड पूर ओसरल्यावर, जमिनीत ओल असतानाच करा. वरच्या उतारावर मात्र पहिल्या चांगल्या पावसानंतरचाच मुहूर्त. वाळुंजाला रोपवाटिकेची गरज नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची ताजी फांदी, डोळे वरच्या दिशेला ठेवून, निम्म्याहून जास्त ओल्या मातीत खोचली की ती मुळं धरते. रोपांभोवती लोखंडी जाळ्या पुराच्या पट्टीत नकोतच, कचरा अडकला की त्या रोपासकट उखडतात.

पाणी घालूनही रोप वाळलं

उपटून मुळं बघा. पिशवीच्या आकारातच ती गोल गोल गुंडाळलेली दिसली, तर रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं होतं. लावताना पिशवी पूर्ण काढायची आणि वेटोळी मुळं मोकळी करायची.

एका रविवारी सगळं तण साफ

बेशरम, घाणेरी, सुबाभूळ काढायलाच हवी, पण यंत्र लावून अख्खा काठ खरवडला तर पहिल्याच पावसात माती पात्रात जाते. थोडा पट्टा साफ करा, तिथं देशी गवत-झुडपं धरू द्या, मग पुढे सरका. सुरुवात प्रवाहाच्या वरच्या बाजूनं, कारण बिया आणि तुकडे वाहत खाली येतात. बेशरमच्या तोडलेल्या खोडांचा ढीग काठावर टाकू नका. ओल्या मातीला टेकलेलं कांडं पुन्हा फुटतं. सुबाभूळ तोडल्यावर बुंध्यातून धुमारे येतात, ते पुन्हा पुन्हा काढत राहावं लागतं. शेंगा पिकायच्या आत तोडली तर पुढची बरीच मेहनत वाचते.

मोकळी जागा दिसली की भरली

गोट्यांचा, वाळूचा उघडा पट्टा ओसाड नसतो. टिटवी तिथंच उघड्यावर अंडी घालते, नदी सुरय हा पक्षीही वाळूत. हे पट्टे तसेच राहू द्या आणि उन्हाळ्यात तिथून वर्दळ टाळा. काठावर पडलेला ओंडकाही उचलू नका.

लागवड झाली, काम संपलं

निदान तीन वर्षं राखण हवी: उन्हाळ्यात पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, गुरांपासून काटेरी फांद्यांचं कुंपण. किती लावली यापेक्षा किती जगली याची नोंद ठेवा. मेलेल्या प्रत्येक रोपापुढे पट्टी आणि कारण लिहा. एकाच पट्टीत एकच जात पुन्हा पुन्हा मरत असेल, तर तिथं तीच रोपं परत लावू नका. त्याच नदीच्या वरच्या अंगाला शाबूत राहिलेला काठ शोधा, तशाच पट्टीत तिथं काय आपसूक उगवलंय ते बघा आणि त्याचंच बी गोळा करा.