पावसानंतर बदामीला चढाई : या चुका टाळा

परतीचा पाऊस ओसरू लागला की पुण्या-मुंबईच्या क्लाइंबर मंडळींना कर्नाटकातल्या बदामीचे वेध लागतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकलेली असते, सोलापूर-गदग मार्गावरच्या गाडीचं तिकीट हातात असतं, आणि नेमका आदल्या रात्री तिकडे पाऊस कोसळतो. सकाळी कुणीतरी कळवतं, "ऊन पडलंय, खडक सुकलाय, या." त्या ‘सुकलाय’वर विश्वास ठेवणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

ती आपल्याकडून होते, कारण आपले हात सह्याद्रीत घडलेले असतात. बेसाल्टचा घट्ट कातळ पाणी फारसं पीत नाही. पाऊस थांबला, वारा सुटला, तीन-चार तास ऊन मिळालं की उघडी भिंत चढण्याजोगी होते. ओल्या बेसाल्टवर पाय सटकतो, पण होल्ड, म्हणजे हाता-पायाला आधार देणारी खाच किंवा कड, जागचा हलत नाही. बदामीचा तांबडा खडक मात्र वालुकाश्म आहे. वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा सिलिका, लोह, कुठे थोडी चिकणमाती असा मसाला, अशी त्याची घडण. कणांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी शिरलं की हा मसाला ढिला पडतो. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्याहूनही खाली जाते. बदामीचा खडक त्याच्या जातीत बराच टणक आहे, हे मान्य. पण त्याचे सगळे थर सारखे नाहीत. एका भिंतीवर पोलादासारखी कड आणि तिच्या हातभर वर नखाने वाळू सुटेल असा पट्टा, हे तिथे चढलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

म्हणून वरवर हात फिरवून निर्णय घेऊ नका. पृष्ठभाग तासाभरात कोरडा होतो, आतली ओल दोन दोन दिवस राहते. त्यापेक्षा भिंतीच्या पायथ्याची माती बोटाने दोन-तीन इंच उकरून पाहा. खालची माती दमट लागली, तर खडकही आतून ओला आहे असं धरून चाला. खडकाचा रंग शेजारच्या भागापेक्षा गडद दिसतोय का, वरच्या पठारावरून भेगेतून पाणी झिरपतंय का, हेही बघा. बदामीच्या डोंगराचा माथा सपाट आहे. तिथे डबक्यांत साठलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही बराच काळ खाली उतरत राहतं.

किती थांबायचं? हलकी सर असेल तर निदान पूर्ण एक दिवस, तोही उन्हाचा. जोरदार पावसानंतर दोन ते तीन दिवस. ढगाळ, दमट दिवस यात मोजू नका आणि सावलीतल्या भिंतींना आणखी वेळ द्या. अमेरिकेत नेवाडामधल्या रेड रॉकलाही क्लाइंबर साधारण असेच थांबतात. जर्मनीत सॅक्सनीच्या वालुकाश्मावर तर ओल्या खडकावर चढायचंच नाही, हा चढाईचा नियमच आहे.

दुसरी चूक म्हणजे खडक ‘सुकवणं’. टॉवेलने पुसून वरचं पाणी जातं, आतलं तिथेच राहतं. दमट होल्डवर चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) थापलं की त्याचा लगदा होतो आणि खडकाच्या छिद्रांत बसतो. गॅसची बत्ती लावून होल्ड तापवायचा प्रकार तर कधीच करू नका. वरचा पापुद्रा तडकतो आणि एकदा तो निघाला की आतला मऊ भाग भराभर झिजतो. तारेच्या ब्रशचंही तेच. मऊ केसांचा ब्रश पुरे.

"आज लीड नको, टॉप रोपवर चढू," ही पळवाट मला सगळ्यात जास्त खटकते. लीडमध्ये दोर खालून वर नेत चढतात, टॉप रोपमध्ये तो आधीच वरून लावलेला असतो. टॉप रोपने तुमचा जीव सांभाळला जाईल, होल्डचा नाही. क्रिंपवर, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरायच्या बारीक कडेवर, वजन तेवढंच पडतं. एकदा पावसाच्या दुसऱ्या सकाळी, अशाच टॉप रोपवर, माझ्या हातात एका जुन्या रूटची (चढाईच्या ठरलेल्या वाटेची) पातळ कड तुटून आली. तुटलेली बाजू आतून ओली, गडद होती, बाहेरून मात्र ती पूर्ण कोरडी लागली होती. त्या रूटवर ती हालचाल आता कुणालाच करता येणार नाही, याचं वाईट आजही वाटतं. शिवाय टॉप रोप लावताना अँकर (दोर अडकवायचा वरचा आधार) कड्याच्या आत राहिला, तर दोर मऊ कडेवर करवतीसारखा घासतो. लांब स्लिंग (पट्टीचा फास) लावून कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) कड्याबाहेर लटकवा.

गिअरचाही भरवसा कमी धरा. ओल्या भेगेत लावलेला कॅम (भेगेत फाकून अडकणारं साधन) आपण पडल्याचा झटका बसला की भेगेच्या भिंती चिरडत बाहेर येऊ शकतो. बोल्ट (खडकात भोक पाडून बसवलेला खिळा) हलतोय, भोवतीची वाळू सुटतेय असं दिसलं, तर त्यावर भार न टाकता खाली या.

अर्ध्या रूटवर पाऊस आलाच, तर वरचे चार क्विकड्रॉ (दोर बोल्टला जोडणाऱ्या दुहेरी कड्या) गाठायचा मोह सोडा. शेवटच्या भक्कम बोल्टवर एक कॅराबिनर ठेवून उतरा. कॅराबिनर नंतर काढता येतो.

होल्ड तुटलाच तर तो चिकटवायला जाऊ नका. तिथे नियमित चढणाऱ्यांना आणि रूट बोल्ट करणाऱ्यांना कळवा. पुढच्याला निदान माहीत हवं.

हे सगळं फक्त बदामीपुरतं आहे असंही नाही. सह्याद्रीतही लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा लागतो. तो पाणी धरून ठेवतो आणि पावसानंतर त्यातले दगड हातात येतात. वरखालचा कातळ सुकला म्हणून त्या पट्ट्यावर भार टाकू नका.

बदामीत अडकलेला दिवस वाया जात नाही. तिसऱ्या लेण्यात इ. स. 578 चा शिलालेख आहे. ज्या खडकावर आपण चढायला आलो, तोच चालुक्यांच्या कारागिरांनी छिन्नीने किती नाजूक कोरलाय, ते तिथे जवळून दिसतं. पट्टदकल आणि ऐहोळेही एका दिवसात होतात. संध्याकाळी परत आलात की त्याच भिंतीच्या पायथ्याशी जा आणि माती पुन्हा उकरून बघा.