कंपनीची देणगी आणि करसवलत : या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवर किंवा पीथमपुरात कारखाना चालवणाऱ्या मराठी उद्योजकांच्या तोंडी मार्च महिन्यात 'देणगी दिली की कर वाचतो' हे वाक्य हमखास येते आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू; त्यापुढे २०२५ चा नवा कायदा, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे) कलम ८०जी प्रमाणे सर्वसाधारण नोंदणीकृत संस्थेला १ लाख रुपये दिले, तर करपात्र उत्पन्नातून वजावट ५० हजारांचीच मिळते. २५ टक्के दराने त्यावर १२,५०० रुपये आणि अधिभार-उपकर धरून थोडे अधिक वाचतात. बाकीचे पैसे कंपनीचेच जातात. म्हणून संस्थेचे काम मनापासून पटले असेल, तरच देणगी द्यावी.

याहून मोठी चूक कलम ११५बीएए खाली २२ टक्क्यांचा दर स्वीकारलेल्या कंपन्यांची होते. हा दर घेतला की ८०जीची वजावट मुळीच मिळत नाही आणि घेतलेला पर्याय मागेही घेता येत नाही. तेव्हा आपली कंपनी कोणत्या दरात बसते, हे देणगीपूर्वीच सीएंना विचारावे.

सीएसआरची, म्हणजे मोठ्या कंपन्यांवर कंपनी कायद्याने घातलेल्या सामाजिक खर्चाची, गोष्ट वेगळी आहे. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठली, तरी आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करणे बंधनकारक ठरते, आणि हा खर्च प्राप्तिकराच्या कलम ३७(१) खाली धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा उपक्रम किंवा जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्वही सीएसआरमध्ये बसत नाही. मंडपावर कंपनीचे नाव झळकावे हाच उद्देश असेल, तर तो खर्च सरळ जाहिरातखर्चात नोंदवणे अधिक प्रामाणिक आहे.

२,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला आणि ब्लँकेट, संगणक अशा वस्तुरूप मदतीला ८०जीची वजावट नाही. संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी हे देणग्यांचे विवरण भरून फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यायला हवे. ते आले नाही किंवा त्यात पॅन चुकला असेल, तर दावा अडकतो. अशा वेळी संस्थेला विलंबशुल्क भरून विवरण देता येते किंवा दुरुस्तही करता येते, हे सांगून पाठपुरावा करावा.

सर्वांत नाजूक चूक म्हणजे संचालकाने आपल्याच घराण्याच्या न्यासाला कंपनीचे पैसे देणे. अहिल्यादेवींनी काशी-गयेपर्यंतचा दानधर्म आपल्या खासगीतून केला, हे इंदूरकरांना सांगायला नको. कंपनीचा पैसा मात्र भागधारकांचा असतो. वर्षभरातल्या एकूण धर्मादाय देणग्या आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांहून अधिक होणार असतील, तर कंपनी कायद्याच्या कलम १८१ नुसार सर्वसाधारण सभेची पूर्वपरवानगी लागते. रक्कम त्याहून कमी असली, तरी संबंधित संचालकाने न्यासाशी असलेले आपले नाते संचालक मंडळासमोर लेखी मांडावे आणि त्या ठरावावर मत देऊ नये.